गाडी बंद, एसी चालू: ट्रकच्या स्लीपर केबिनचा एसी जनरेटरवर कसा चालवायचा

मे महिन्यात चंद्रपूरकडच्या गडचांदूर, घुग्घुस, बल्लारशा भागात सिमेंट नाहीतर कोळशाच्या लोडिंगला नंबर लावून उभ्या असलेल्या गाड्यांमध्ये माणसं कशी झोपतात हे ज्यांनी पाहिलंय त्यांना या लेखाची गरज सांगायला नको. दिवसा पारा ४५-४६ ला टेकलेला, रात्री दहा वाजले तरी केबिनचा पत्रा गरम, खालून इंजिनची धग, काच उघडी ठेवली तर डास आणि धूळ, आणि पहाटे चारला नंबर आला की त्याच माणसाने ४०-५० टनाची गाडी घेऊन निघायचं. झोप न झालेला ड्रायव्हर म्हणजे सगळ्या रस्त्याला धोका, त्यामुळे केबिनमधला एसी ही चैन आहे असं मला अजिबात वाटत नाही.

१ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या एन२ आणि एन३ गटातल्या, म्हणजे एकूण वजन साडेतीन टनाच्या वर असलेल्या मालगाड्यांना केबिनमध्ये एसी कंपनीतूनच देणं सक्तीचं झालंय, डिसेंबर २०२३ च्या अधिसूचनेने. चांगलं झालं. पण हा एसी इंजिनच्या बेल्टवर चालतो, इंजिन बंद केलं की एसी बंद. मग लोक रात्रभर गाडी आयडलवर ठेवतात. मोठं इंजिन एसीसकट आयडलवर तासाला साधारण दीड ते अडीच लिटर डिझेल खातं, दोन धरले तरी आठ तासात १६ लिटर, म्हणजे चौदाशे रुपयांच्या आसपास एका रात्रीचे, वर इंजिनचे तास फुकट वाढतात, कमी आरपीएमवर तासन्‌तास चालून काजळी धरते, बीएस-६ गाडीत डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, लवकर भरतो. म्हणून जनरेटरचा विचार येतो आणि तो बरोबरच आहे, फक्त करायची पद्धत नीट पाहिजे.

बहुतेक जण उलट्या टोकाने सुरू करतात, आधी जनरेटर आणतात, मग त्यावर कुठला एसी चालेल ते बघतात, आणि केबिन गळकी ती गळकीच. क्रम असा ठेवा: आधी केबिनमध्ये येणारी उष्णता कमी करायची, मग एसी लहानात लहान निवडायचा, मग बॅटरी, आणि सगळ्यात शेवटी जनरेटर. आणि त्यावर एक नियम जो मी कुठल्याही किमतीत सोडणार नाही: जनरेटर माणूस जागा असताना चालवायचा, झोपताना एसी बॅटरीवर चालला पाहिजे. हा नियम का ते धुराच्या भागात सविस्तर येईल.

तुम्हाला जनरेटर खरंच लागतो का

गाडी रोज ३००-४०० किलोमीटर पळत असेल तर नाही लागत. पळताना अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरून वीज देणारा डायनॅमो, वेगळी लिथियम बॅटरी भरून देतो आणि रात्र त्यावर निघते. जनरेटर त्यांच्यासाठी आहे ज्यांची गाडी दोन-दोन तीन-तीन दिवस एकाच जागी उभी राहते, प्लांटच्या बाहेर, पोर्टच्या लायनीत, अनलोडिंगला माल घेणारा नाही म्हणून. गाडी हलली नाही की बॅटरी भरायला दुसरं काही साधन नसतं. पेट्रोल, एलपीजी, केमिकलच्या टँकरवाल्यांनी मात्र हा विषयच डोक्यातून काढून टाका, तुमच्या गाडीजवळ चालू इंजिन आणि ठिणगी ही गोष्ट बसतच नाही, तुम्ही फक्त बॅटरीचा विचार करा आणि तोही टँकरच्या वायरिंगचे नियम माहीत असलेल्या माणसाकडूनच.

पहिलं काम: केबिन

केबिन म्हणजे पातळ पत्र्याची पेटी. उन्हात छत तापतं, पुढची काच सगळ्यात जास्त ऊन आत घेते, आणि बोनट किंवा इंजिन कव्हरमधून खालची धग येते. छताच्या आतलं अस्तर काढून त्यामागे १०-१२ मिलिमीटर जाडीची नायट्राइल रबर शीट चिकटवा, तीच काळी शीट जी एसीच्या डक्टला लावतात, फॉइल लावलेली मिळते. थर्माकोल भरू नका, आग लागली तर तो वितळून अंगावर पडतो. मागची भिंत आणि इंजिन कव्हरच्या खालची बाजू पण करा. पुढच्या काचेला चंदेरी पडदा, बाजूच्या काचांना पण.

दुसरी गोष्ट, झोपायच्या बर्थ आणि पुढच्या सीटमध्ये एक जाड पडदा टाका, वरपासून खालपर्यंत, कडेला वेल्क्रो. आपल्याला सगळी केबिन थंड करायची नाहीये, माणूस झोपतो तेवढीच जागा थंड करायची आहे. या एका पडद्याने एसीचं काम बऱ्यापैकी कमी होतं, आणि खर्च जवळपास काहीच नाही.

तिसरी, भोकं. गिअर लिव्हरचं रबर फाटलेलं, क्लच-ब्रेक पेडलच्या आजूबाजूच्या फटी, वायरिंग जिथून आत येते तिथले ग्रोमेट गायब, दरवाजाचं बिडिंग दबलेलं. अंधार पडल्यावर क्लीनरला मोठी टॉर्च घेऊन खाली चेसिसमध्ये पाठवा आणि तुम्ही आत दिवे बंद करून बसा, जिथून उजेडाचा ठिपका दिसेल तिथे खडूने खूण करा, सकाळी रबर नाहीतर सीलंटने बंद करा. हे काम थंडाव्यासाठी करायचंच, पण जास्त महत्त्वाचं म्हणजे धूर याच भोकांतून आत येतो.

एसी कुठला

एक टन एसी म्हणजे तासाला १२,००० बीटीयू, साधारण साडेतीन किलोवॅट उष्णता बाहेर टाकणारा. नीट अस्तर केलेल्या आणि पडदा टाकलेल्या बर्थला रात्री अर्धा टन पुरतो, दुपारी भर उन्हात पाऊण टन. दीड टनाचा घरचा एसी केबिनला लावलेले लोक आहेत, तो भराभर थंड करून बंद पडतो, दमटपणा तसाच राहतो, अंग चिकट, आणि प्रत्येक वेळी चालू होताना जनरेटरला झटका.

माझं मत स्पष्ट आहे, २४ व्होल्टचा पार्किंग एसी घ्या. हा ट्रकसाठीच बनवलेला असतो, कॉम्प्रेसर डीसी आणि इन्व्हर्टर टाइप, त्यामुळे सुरू होताना हळूहळू वेग घेतो, धक्के खाऊन पाइप सुटत नाहीत, आणि सगळ्यात मोठा फायदा हा की झोपायच्या जागेत २३० व्होल्ट येतच नाही. छतावर बसणारा मिळतो आणि मागच्या भिंतीवर बाहेर कंडेन्सर, आत ब्लोअर असा स्प्लिट टाइपही मिळतो. छतावरचा घेणार असाल तर छत कापायला लावू नका, जिथे कंपनीचा हॅच आहे तिथेच बसवा किंवा मग मागचा स्प्लिट घ्या, त्याला पाइप आणि वायरपुरतं लहान भोक लागतं. केबिनचा पत्रा हा नुसता पत्रा नाही, अपघातात माणसाला वाचवणारा सांगाडा आहे, तो गॅस कटरने कापून खिडकी एसी बसवणारे बॉडीवाले प्रत्येक ट्रान्सपोर्ट नगरात भेटतील, त्यांचं ऐकू नका.

घेताना पाटीवर अँपिअर बघा. फुल स्पीडला २४ व्होल्टवर ३५-४० अँपिअर आणि थंड झाल्यावर १५-२० वर येणारा, हा बर्थला बरोबर.

हिशोब, हा कागदावर करूनच पुढे जा

पहिला तास ४० अँपिअर धरा, नंतरचे सात तास सरासरी १८. झाले ४० अधिक १२६, म्हणजे १६६ अँपिअर-तास एका रात्रीला, साधारण सव्वाचार युनिट वीज.

आता गाडीच्या स्वतःच्या दोन बॅटऱ्या बघा, १२-१२ व्होल्टच्या सिरीजमध्ये, बऱ्याच गाड्यांना १०० ते १८० अँपिअर-तासाच्या असतात. लेड-ॲसिड बॅटरी रोज अर्ध्याच्या खाली उतरवली की ती काही महिन्यात मरते, आणि सेल्फ मारायला पण ताकद उरली पाहिजे. म्हणजे गाडीच्या बॅटरीवर एसी दोन-तीन तास चालेल आणि पहाटे नंबर आल्यावर गाडी धक्क्याला लागेल. एवढ्या लोड भरलेल्या गाडीला धक्का कोण मारणार?

म्हणून वेगळी बॅटरी. २४ व्होल्ट २०० अँपिअर-तासाची एलएफपी लिथियम, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट, जवळपास पाच युनिट साठवते आणि ८० टक्के आरामात वापरता येते. म्हणजे १६० अँपिअर-तास, वरच्या हिशोबात एक रात्र जेमतेम निघते, हात राखून नाही, त्यामुळे नागपूर-चंद्रपूर लाईनला जास्त असाल तर थोडी मोठी घ्या किंवा एसी २६-२७ वर ठेवा. २६ वर लहान पंख्यासोबत झोप उत्तम लागते, १८ वर लावून चादर घ्यायची काही गरज नाही.

बॅटरी कुठे ठेवायची हे पण बघा. एलएफपी बऱ्याचदा ४५ अंशाच्या वर चार्ज करू नये असं बनवणाराच लिहितो, आणि उन्हाळ्यात दुपारी चेसिसवरच्या पेटीत त्यापेक्षा जास्त तापमान सहज होतं. सायलेन्सर आणि डीपीएफच्या विरुद्ध बाजूला, सावलीत, हवा खेळती असलेली पेटी. चार्जिंग संध्याकाळी सातनंतर, हे आपल्या जनरेटरच्या वेळेला जुळतंच. आणि अल्टरनेटरवरून भरायची असेल तर थेट जोडू नका, लिथियम खाली असली की इतका करंट ओढते की अल्टरनेटर जळतो, मधे ३०-४० अँपिअरचा डीसी-टू-डीसी चार्जर लागतोच.

जनरेटर निवडताना

आता जनरेटरचं काम सोपं झालं, त्याला एसी चालवायचा नाही, फक्त चार्जर चालवायचा आहे. झटका नाही, लोड एकसारखा. २४ व्होल्ट ४० अँपिअरचा लिथियम चार्जर बॅटरीला साधारण ११०० वॅट देतो आणि स्वतःचा तोटा धरून जनरेटरकडून १२५०-१३०० वॅट मागतो. पण इथे एक खाच आहे जी दुकानदार सांगत नाही. स्वस्त चार्जरचा पॉवर फॅक्टर, म्हणजे ओढलेल्या विजेतला खरं काम करणारा वाटा, ०.६-०.६५ असतो, मग तेच १३०० वॅट जनरेटरला २००० व्होल्ट-अँपिअर वाटतात आणि दोन केव्हीएचा जनरेटर कण्हायला लागतो. चार्जर घेताना पीएफसी, म्हणजे हा पॉवर फॅक्टर सुधारणारं सर्किट, असलेला मागा, पाटीवर पॉवर फॅक्टर ०.९ च्या वर लिहिलेला पाहिजे.

जनरेटरवर दोन आकडे असतात, मॅक्सिमम आणि रेटेड. मॅक्सिमम हा काही मिनिटांपुरता, त्याकडे बघूच नका. रेटेडच्या ७५-८० टक्क्यावर चालवायचा आणि ४५ अंशात इंजिनची ताकद अजून थोडी कमी होते हे धरायचं. म्हणजे १३०० वॅटला १.८ किलोवॅट रेटेडचा पेट्रोल इन्व्हर्टर जनरेटर बरोबर. इन्व्हर्टर टाइपच घ्या, वजन २०-२५ किलो, एक माणूस उचलतो, आवाज कमी, लोड कमी झाला की इंजिनचा वेगही कमी होतो. बाजारात मिळणारे साधे उघड्या फ्रेमचे जनरेटर स्वस्त असतात पण पूर्ण वेळ ३००० आरपीएमवर ओरडतात, ढाब्यावर दहा गाड्यांची झोप जाते आणि भांडणं होतात.

पेट्रोल किती? या आकाराचा जनरेटर १३०० वॅटवर तासाला पाऊण ते एक लिटरच्या मधे पितो. १६६ अँपिअर-तास भरायला ४० च्या चार्जरने सव्वाचार तास, म्हणजे साधारण साडेतीन-चार लिटर पेट्रोल, शंभरच्या वरच्या भावाने चारशे रुपये धरा. आयडलिंगचे चौदाशे आणि हे चारशे, ही पाटी शेठसमोर ठेवली की पुढची चर्चा लवकर होते.

डिझेल जनरेटर का नाही, तेच डिझेल टाकीतून काढून वापरू, असं बरेच जण म्हणतात. लहान डिझेल जनरेटर शंभर किलोच्या आसपास किंवा वर जातो, थरथर भयंकर, तो चेसिसला कायमचा बसवावाच लागतो आणि मग परवानगीचा प्रश्न येतो. एका गाडीला तो परवडणारा नाही.

धूर: हा भाग दोनदा वाचा

जनरेटरच्या धुरात कार्बन मोनॉक्साईड असतो. रंग नाही, वास नाही, डोळ्यात झोंबत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटीहून जास्त घट्ट चिकटतो, आणि झोपलेल्या माणसाला जागच येत नाही.

डिसेंबर २०२४ मध्ये केरळात वडकराजवळ हायवेच्या कडेला लावलेल्या एका कॅराव्हॅनमध्ये दोन जण मृत सापडले. गाडीतल्याच जनरेटरवर एसी लावून ते आत होते. नंतर एनआयटी कालिकतच्या तज्ञांनी तीच गाडी, तोच जनरेटर चालवून तपासलं तर खालच्या भागातून गॅस आत येत होता आणि दोन तासात ९५० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत ९५० भाग) वर गेला. ८०० पीपीएमला पाऊण तासात चक्कर-मळमळ आणि दोन तासात माणूस बेशुद्ध, असा धोका असतो. ते दोघं कुणी बेफिकीर नव्हते, थकलेली कामाची माणसं होती, आपल्यासारखी. म्हणून सांगतो, कुणी कितीही म्हटलं की आम्ही वर्षानुवर्षं असंच झोपतो, तरी जनरेटर चालू ठेवून झोपायचं नाही.

जागेपणी चालवतानाही जागा बघून ठेवा:

केबिन आणि बॉडीच्या मधल्या फटीत कधीच नाही, तिथे धूर कोंडतो आणि मागच्या भिंतीतून, इंजिन बेमधून वर येतो. टूलबॉक्समध्ये झाकण लावून नाही. गाडीच्या खाली नाही. ताडपत्रीच्या आत नाही. जनरेटर खाली जमिनीवर उतरवायचा, फाळक्याच्या, म्हणजे बॉडीच्या मागच्या दाराच्या, मागे, केबिनपासून सहा मीटरच्या पुढे, धुराचं तोंड गाडीपासून उलट दिशेला. बहुतेक गाड्यांची लांबीच एवढी आहे की मागे ठेवला की अंतर आपोआप मिळतं.

वारा बघा. जनरेटर ठेवायचा तिथे एक उदबत्ती लावून दोन मिनिटं थांबा, धूर केबिनकडे वळत असेल तर जागा बदला. आणि फक्त स्वतःची केबिन बघू नका. ढाब्यावर गाड्या खेटून उभ्या असतात, तुमच्या फाळक्यामागे दुसऱ्याची केबिन असू शकते आणि त्यात कुणीतरी काच उघडी टाकून झोपलेला असतो. त्याला एसी नाही, तुमचा धूर मात्र त्याला मिळतो. अशी लाईन असेल तर त्या दिवशी जनरेटर लावायचा नाही, किंवा गाडी कडेला घ्यायची, दुसरा पर्याय नाही.

केबिनमध्ये कार्बन मोनॉक्साईडचा अलार्म लावा, जनरेटर नसला तरी लावा, कारण शेजारच्याची गाडी आयडलवर असतेच. त्यावर ईएन ५०२९१-२ लिहिलेलं बघा, हे गाडी आणि बोटीसाठीचं मानक आहे, धक्के आणि तापमान सहन करणारं. असा अलार्म ५० पीपीएमला तास-दीड तासात, १०० ला १० ते ४० मिनिटात आणि ३०० ला ३ मिनिटांच्या आत वाजतो. बर्थवर उशीच्या उंचीला लावायचा, एसीच्या झोतात नाही. आठवड्याला टेस्टचं बटन दाबायचं, मागे लिहिलेली मुदत संपली की फेकायचा. स्मोक डिटेक्टर वेगळा असतो, तो कार्बन मोनॉक्साईड ओळखत नाही.

डोकं दुखणं, मळमळ, गरगरणं, पायात जोर नसणं, हे सगळं ऊन लागल्यासारखंच वाटतं आणि म्हणून लोक "जरा पडतो" म्हणून आडवे होतात. आडवं व्हायचं नाही. दार उघडून बाहेर, लांब मोकळ्या हवेत, जनरेटर बंद, दोघं असाल तर दुसऱ्याला ओढून बाहेर, आणि १०८ ला फोन. दवाखान्यात गेल्यावर जनरेटरचा धूर लागला असेल हे डॉक्टरला स्वतःहून सांगा, कारण बोटाला लावायचं ऑक्सिमीटर अशा वेळी आकडा चांगलाच दाखवतं.

वायरिंग

चार्जर केबिनमध्ये नको, बॅटरीच्या पेटीशेजारी वेगळ्या कप्प्यात, पाणी न जाणाऱ्या पण हवा येणाऱ्या. म्हणजे २३० व्होल्टची वायर फक्त जनरेटर ते चार्जर. त्याला तीन कोअर, अडीच स्क्वेअर एमएम, तांब्याची लवचिक रबर केबल, पुरेल एवढी लांब, दोन्ही टोकाला १६ अँपिअरचे इंडस्ट्रियल प्लग-सॉकेट, पावसाला चालणारे. उघडी वायर काडी खुपसून लावणं बंद. केबल ड्रमवर गुंडाळलेली असताना लोड देऊ नका, पूर्ण उलगडा, नाहीतर आतल्या आत तापून वितळते.

अर्थिंगबद्दल. लहान इन्व्हर्टर जनरेटरचा न्यूट्रल बहुतेक वेळा त्याच्या फ्रेमला जोडलेला नसतो, आणि अशा वेळी आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, लावली तरी लीकेज झाल्यावर ती पडेलच असं नाही, कारण करंटला परत जायला रस्ताच नसतो. लोकांना वाटतं आरसीसीबी लावली म्हणजे झालं. जनरेटरच्या पुस्तकात न्यूट्रल आणि फ्रेमबद्दल काय लिहिलंय ते समजणाऱ्या लायसनवाल्या वायरमनकडून हे काम करून घ्या, कंपनी परवानगी देत असेल तर एका जागी जोडून पुढे ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी, आणि काहीही झालं तरी जनरेटरची फ्रेम, चार्जरची बॉडी आणि गाडीची चेसिस हिरव्या वायरने एकमेकांना जोडलेली पाहिजे.

२४ व्होल्टच्या बाजूला लोक वायर बारीक टाकतात. ४० अँपिअर, जाऊन-येऊन दहा मीटर, इथे १६ स्क्वेअर एमएम तांबं टाका, मग व्होल्टेज अर्ध्या व्होल्टच्या आत पडतं. बारीक टाकली की एसी लो व्होल्टेज दाखवून बंद पडतो आणि लोक एसीला शिव्या देतात. लग क्रिम्प करून, नुसती पिळून नाही. बॅटरीच्या प्लसपासून एका वीतभर अंतरात ६० अँपिअरचा फ्यूज, हा विसरलात तर पुढे कुठेही वायर घासली की आग. पत्र्यातून जाते तिथे ग्रोमेट, वरून फ्लेक्सिबल पाइप, आणि टिल्ट केबिन असेल तर केबिन उचलताना वायरला ढील आहे ना ते बघून मगच बांधा. केबिनमध्ये हाताशी दोन किलोचा एबीसी टाइप फायर सिलिंडर.

घरचा २३० व्होल्टचा एसी आधीच घेतला असेल तर

पाऊण टनाचा इन्व्हर्टर स्प्लिट असेल तर चालवता येतो, हळू सुरू होतो. साधा कॉम्प्रेसर असेल तर सुरू होतानाचा करंट चालू करंटच्या चार ते सहा पट असतो, ८०० वॅटच्या एसीला क्षणभर तीन-चार हजार, त्यामुळे एकतर जनरेटर मोठा नाहीतर सॉफ्ट स्टार्टर. घरच्या स्प्लिटचे तांब्याचे फ्लेअर जॉइंट खड्ड्यांच्या रस्त्यावर गळायला लागतात, बाहेरच्या युनिटखाली रबर पॅड आणि पाइपला एक गोल वेढा द्या म्हणजे हादरा त्यात जिरतो. पण या पद्धतीत रात्रभर जनरेटर चालू लागतो आणि तो नियम मोडतो, म्हणून हा एसी फक्त दुपारच्या जागेपणाच्या वेळेसाठी ठेवा किंवा रात्रीसाठी बॅटरीवर प्युअर साइन वेव्ह इन्व्हर्टर घाला.

कायदा आणि पेट्रोल

मोटर वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीत नोंदवलेल्या माहितीपेक्षा आणि कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा वेगळा बदल गाडीत करता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२ए खाली मालकाला प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. म्हणून चेसिसला वेल्डिंग मारून, भोक पाडून जनरेटर कायमचा बसवू नका, चेसिसची वॉरंटीही जाते. सुटा जनरेटर सामानासारखा न्यायचा, रॅचेट बेल्टने घट्ट बांधून, पेट्रोल कॉक बंद, टाकीच्या झाकणाचा व्हेंट बंद. बॅटरी-एसीसाठी गाडीच्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला आणि तुमच्या आरटीओला आधी विचारून घ्या, फिटनेसच्या दिवशी वाद नको. इन्शुरन्स कंपनीलाही लेखी कळवा.

सुटं पेट्रोल ठेवण्याबद्दल पेट्रोलियम कायद्यात मर्यादा आहे, विक्रीसाठी नसलेलं एकूण ३० लिटरपर्यंत लायसनशिवाय, आणि तेही घट्ट झाकणाच्या भांड्यात, धातूचं असेल तर २५ लिटरपर्यंतचं. म्हणजे पाण्याच्या बाटल्या आणि तेलाचे प्लॅस्टिक कॅन नाही. पाच लिटरचा धातूचा जेरी कॅन एका रात्रीला पुरतो, त्यापेक्षा जास्त बाळगूच नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, टूलबॉक्सच्या तळाशी साठून राहते, त्यामुळे कॅन केबिनमध्ये नाही आणि जिथे स्टोव्ह पेटतो त्या पेटीत तर नाहीच. जनरेटर बंद करून पंधरा मिनिटं गार होऊ द्या, मगच पेट्रोल ओता, गरम सायलेन्सरवर चार थेंब सांडले तरी भडका उडतो.

रोजचा क्रम

गाडी लावली की आधी दारं-काचा उघडून पंधरा-वीस मिनिटं कोंडलेली गरम हवा जाऊ द्या. सातच्या सुमारास जनरेटर मागे उतरवा, साखळीने मागच्या फ्रेमला कुलूप लावा, केबल लावा, जनरेटर चालू करा, दोन मिनिटं मोकळा चालू द्या, मग चार्जर चालू. तोवर स्वयंपाक, जेवण, आंघोळ, घरी फोन, जे काय ते. जेवताना एसी पण चालू करून ठेवला तर केबिन आधीच थंड होते आणि तो सुरुवातीचा ४० अँपिअरचा तास बॅटरीवर पडत नाही, जनरेटरवर निघतो, फक्त चार्जिंगला तेवढा वेळ जास्त लागतो. अकराच्या आत चार्जर बंद, मग जनरेटर बंद, गार झाल्यावर वर चढवा. वस्तीजवळ असाल तर दहालाच बंद करा, रात्री दहा ते सहा आवाजाचे नियम कडक आहेत आणि लोकांनाही झोपायचं असतं. चार तास मिळाले नाहीत तर जेवढी भरली तेवढी, एसी एक-दोन अंश वर ठेवा.

देखभाल फार नाही पण सिमेंट आणि कोळशाच्या धुळीत जनरेटरचा एअर फिल्टर रोज झटकावा लागतो, ही धूळ आठवड्यात फिल्टर चोंदवते आणि मग जनरेटर पेट्रोल जास्त पिऊन कार्बन मोनॉक्साईडही जास्त सोडतो. ऑइल अर्धा लिटरच्या आसपासच असतं, पहिलं २० तासांनी, नंतर दर १०० तासांनी बदला, आणि रोज पट्टीवर बघा. एसीच्या कंडेन्सरची जाळी आठवड्याला पाण्याने धुवा, हळू धारेने, प्रेशर वॉशर मारला तर पाती वाकतात. पावसाळ्यात चालू जनरेटरच्या वर छपरी करा पण चारही बाजू उघड्या. आणि पाऊस पडून गारवा आला, जनरेटर महिना-दीड महिना लागणार नाही असं दिसलं की टाकी आणि कार्ब्युरेटर दोन्ही रिकामे करून ठेवा, हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, ते पाणी धरतं आणि जेट जाम होतो. लिथियम बॅटरी पूर्ण भरून नाही, अर्धी भरून, एसीचा फ्यूज काढून ठेवायची.